बासेलच्या मेजापासून मुंबईच्या गृहकर्जापर्यंत

दर दोन महिन्यांनी एका रविवारी सायंकाळी जगातील प्रमुख मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर रात्रीच्या भोजनासाठी एकत्र येतात. ठिकाण बहुधा ठरलेले असते. स्वित्झर्लंडमधील बासेल. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बैठका होतात आणि मग पाहुणे आपापल्या देशी परततात. गव्हर्नरांच्या या चर्चेत कोणताही ठराव मतास टाकला जात नाही, कोणत्याही देशावर बंधनकारक ठरेल असा कायदा केला जात नाही आणि चर्चेचे इतिवृत्तही प्रसिद्ध होत नाही. तरीही ठाण्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या शाखेत गृहकर्जाचा अर्ज भरणाऱ्या ग्राहकाला व्याजाचा जो दर सांगितला जातो, त्याचा एक धागा थेट या शहरापर्यंत जाऊन पोहोचतो. वृत्तपत्रांच्या अर्थपानांवर 'बासेल-दोन', 'बासेल-तीन' हे शब्द वारंवार येतात. ते एका शहराचे नाव आहे, आणि ते शहर साडेपाचशे वर्षांहून जुन्या विद्यापीठाचे गाव आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बँकांचा कारभार कसा चालावा याचे नियम लंडन, न्यूयॉर्क वा वॉशिंग्टनमध्ये न ठरता ऱ्हाइनकाठच्या या टुमदार शहरात का ठरतात, तेथे कोण बसते, आणि भारताला तेथे बसायला जागा कधी मिळाली, याची कथा रंजक आहेच. पण ती केवळ रंजक नाही. नियम करणारा आणि नियम पाळणारा यांच्यातील अंतराची ही कथा आहे.

तीन देशांच्या वेशीवर

बासेलजवळ ऱ्हाइन नदी मोठे वळण घेऊन उत्तरेकडे निघते. स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी या तिन्ही देशांच्या सीमा येथे मिळतात. शहराचा विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे, तर शहरातील एक मोठे रेल्वे स्थानक जर्मन रेल्वेचे आहे. परिषदेसाठी येणारा प्रतिनिधी विमानातून उतरतो एका देशात आणि भोजनाला बसतो दुसऱ्या देशात. रेल्वेचे हे जाळेच बासेलच्या निवडीला कारणीभूत ठरले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या युद्धभरपाईचे हप्ते वसूल करून ते विजेत्या देशांत वाटण्यासाठी एक तटस्थ संस्था हवी होती. जानेवारी १९३० मध्ये हेग येथे झालेल्या करारांनुसार 'बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स', अर्थात बीआयएस, स्थापन झाली. नावातील 'सेटलमेंट्स' हा शब्द त्या युद्धभरपाईच्या देण्याघेण्याचा. लंडन, ब्रसेल्स की ॲमस्टरडॅम यावर एकमत होईना. तेव्हा तटस्थ स्वित्झर्लंडमधील आणि युरोपच्या चारी दिशांनी रेल्वेने गाठता येईल असे बासेल पुढे आले. १७ मे १९३० रोजी बँकेचे कामकाज सुरू झाले ते स्थानकासमोरच्या एका जुन्या हॉटेलात. शेजारी चॉकलेटचे दुकान होते. जगातील मध्यवर्ती बँकांची बँक पुढे सत्तेचाळीस वर्षे याच जागेतून चालली. १९७७ मध्ये ती स्थानकाजवळच बांधलेल्या उंच गोलाकार मनोऱ्यात गेली.

ज्या कामासाठी बँक जन्मली ते काम मात्र दोनच वर्षांत संपले. जागतिक मंदीत जर्मनीचे हप्ते १९३१ मध्ये स्थगित झाले आणि १९३२ मध्ये ते जवळजवळ रद्दच करण्यात आले. एरवी अशा संस्थेला टाळे लागते. येथे तसे घडले नाही, कारण दरम्यान गव्हर्नरांना एकमेकांना नियमित भेटण्याची सवय लागली होती. राजकीय पुढाऱ्यांच्या आणि वार्ताहरांच्या नजरेपासून दूर, समपदस्थांशी मोकळेपणाने बोलण्याची सोय अन्यत्र कोठेही नव्हती. संस्था टिकली ती या सोयीच्या बळावर.

विद्यापीठाचे गाव, व्याजाचे गणित

परिषदा भरवण्याची बासेलची परंपरा बीआयएसपेक्षा पाच शतके जुनी आहे. १४३१ ते १४४९ या काळात ख्रिस्ती धर्मसभेचे दीर्घ अधिवेशन येथे चालले. पोप श्रेष्ठ की धर्मसभा श्रेष्ठ, हा त्यातील कळीचा वाद होता. त्या अधिवेशनात कनिष्ठ धर्माधिकाऱ्यांना आणि विद्यापीठांतील पंडितांनाही मताचा अधिकार होता, ही आजच्या बासेलच्या तुलनेत विलक्षणच गोष्ट म्हणावी लागेल. या सभेत लेखनिक म्हणून काम केलेला एनिआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी नावाचा इटालियन विद्वान पुढे दुसरा पायस या नावाने पोप झाला. शहरातील नागरिकांनी त्याच्याकडे विद्यापीठाची मागणी केली, त्याने ती मान्य केली आणि १४६० मध्ये बासेल विद्यापीठ सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील ते सर्वांत जुने विद्यापीठ आहे. इरॅस्मसची समाधी याच शहरातील लाल दगडाच्या महामंदिरात आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी नीत्शे येथे प्राध्यापक म्हणून रुजू झाला.

मध्यवर्ती बँकांच्या अधिकाऱ्यांना जवळचा वाटावा असा या विद्यापीठाचा माणूस मात्र दुसराच आहे. याकोब बर्नुली हा येथे गणित शिकवीत असे. १६८३ मध्ये त्याने एक साधा प्रश्न मांडला. एक रुपया शंभर टक्के व्याजाने ठेवला तर वर्षअखेरीस दोन रुपये होतात. व्याज सहामाही जमा केले तर सव्वादोन. दरमहा जमा केले तर सुमारे २ रुपये ६१ पैसे. दररोज जमा केले तर जवळपास २ रुपये ७१ पैसे. मग क्षणोक्षणी जमा केले तर? रक्कम अमर्याद वाढते काय? बर्नुलीने दाखवून दिले की ती एका मर्यादेपलीकडे जात नाही. ती मर्यादा म्हणजे गणितात आज सर्वत्र वापरली जाणारी २.७१८ ही संख्या. चक्रवाढ व्याजाच्या हिशेबातून विश्वाच्या अनेक नियमांत डोकावणारी संख्या हाती लागली, ती या गावात.

त्याच्या समाधीलेखाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. प्रत्येक वेढ्यागणिक ठरावीक पटीने रुंदावत जाणारे एक खास मळसूत्र त्याला अतिशय प्रिय होते. आपल्या समाधीवर ते कोरावे अशी त्याची इच्छा होती. पाथरवटाने कोरले ते भलतेच, दोन वेढ्यांत सारखे अंतर ठेवणारे. महामंदिराच्या ओवरीत ते आजही दिसते. चक्रवाढीच्या जागी सरळव्याज कोरले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

याकोबचा पुतण्या डॅनिएल यानेही याच विद्यापीठात अध्यापन केले. १७३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने असे मांडले की मिळकत तीच असली तरी श्रीमंताला आणि गरिबाला तिचे मोल सारखे नसते. शंभर रुपयांचा तोटा ज्याच्यापाशी दोनशेच आहेत त्याला अधिक बोचतो. जोखीम मोजण्याच्या आधुनिक शास्त्राचा तो एक पाया समजला जातो. जोखीम मोजणे हाच पुढे बासेलचा उद्योग व्हावा, याला योगायोगच म्हटले पाहिजे.

बंद दाराआडची मंडळी

रविवारच्या भोजनाला सारे गव्हर्नर नसतात. मोजक्या मोठ्या मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांची एक आर्थिक सल्लागार समिती आहे. पहिली चर्चा तिच्यात होते. सोमवारी जागतिक अर्थस्थितीवरील बैठकीत सुमारे तीस गव्हर्नर मेजाभोवती बसतात, आणखी काही निरीक्षक म्हणून हजर असतात. यानंतर सर्व सदस्य बँकांच्या गव्हर्नरांची बैठक होते. जून-जुलैच्या सुमारास वार्षिक सर्वसाधारण सभा भरते आणि त्याच वेळी बीआयएसचा वार्षिक आर्थिक अहवाल प्रसिद्ध होतो. सदस्य बँकांची संख्या ६३ आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेसाठी येथील सेवा आणि बैठका बंद करण्यात आल्या.

स्वित्झर्लंडशी झालेल्या १९८७ च्या करारानुसार बीआयएसच्या इमारतीत तिच्या परवानगीवाचून स्विस अधिकाऱ्यांनाही प्रवेश नाही. गुप्ततेचे समर्थन सोपे आहे. गव्हर्नरचा एक शब्द बाहेर फुटला तर रोखेबाजार आणि चलनबाजार हलतात. मनातील शंका सहकाऱ्यापुढे बोलून दाखवायची तर दार बंदच हवे. पण दार बंद असले की आत काय घडते याचा जाबही कोणाला विचारता येत नाही, आणि याचा कटू अनुभव इतिहासात नोंदलेला आहे.

मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या सैन्याने प्राग व्यापले. चेकोस्लोव्हाकियाच्या मध्यवर्ती बँकेचे सोने बीआयएसच्या नावे लंडनला बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवलेले होते. प्रागहून जर्मनांच्या दडपणाखाली आदेश निघाला आणि सुमारे २३ टन सोने जर्मनीच्या राइशबँकेच्या खात्यात वळते झाले. कागदपत्रे नियमानुसार होती. देश मात्र लुटला गेला. या प्रकरणाचा गवगवा ब्रिटिश संसदेत झाला, आणि पाच वर्षांनी, १९४४ मध्ये, अमेरिकेतील ब्रेटन वूड्स परिषदेत नॉर्वेच्या पुढाकाराने ठराव संमत झाला: बीआयएस लवकरात लवकर बरखास्त करावी.

या परिषदेला भारताचे शिष्टमंडळ गेले होते आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा समावेश होता. देश परतंत्र असूनही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या पौंड-शिलकेचा प्रश्न तेथे धसास लावण्याचा प्रयत्न केला. तो मान्य झाला नाही. मात्र आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन नव्या संस्थांत भारत संस्थापक सदस्य ठरला. बरखास्तीचा ठराव अमलात आला नाही. युद्धोत्तर युरोपातील देशांना आपसांतील हिशेब मिटवण्यासाठी बासेलच्या यंत्रणेची गरज भासली आणि बीआयएस बचावली. नाणेनिधीत भारताला पहिल्या दिवसापासून स्थान होते, तर बासेलमध्ये रिझर्व्ह बँक भागधारक म्हणून गेली ती १९९६ मध्ये. चीन, ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांनाही त्याच वर्षी निमंत्रण मिळाले. तोपर्यंत बासेल हा प्रामुख्याने युरोप-अमेरिका-जपानचा क्लब होता.

कोलोनची एक दुपार

'बासेल निकष' हा शब्दप्रयोग ज्या घटनेतून जन्माला आला, ती घडली जर्मनीतील कोलोन शहरात. २६ जून १९७४ रोजी तेथील हेरस्टाट बँकेचा परवाना अधिकाऱ्यांनी काढून घेतला. परकीय चलनाच्या सट्ट्यात ती बुडाली होती. जर्मनीत दुपार उलटली होती, न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती. अनेक बँकांनी त्या दिवशी हेरस्टाटला जर्मन मार्क चुकते केले होते आणि बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते. ते मिळालेच नाहीत. घड्याळांतील काही तासांच्या फरकाने धडधाकट बँकांना अडचणीत आणले. (घड्याळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगायचे, तर १७९८ पर्यंत बासेलची घड्याळे आसपासच्या मुलखापेक्षा एक तास पुढे असत.)

एका देशाची बँक बुडाली की झळ दुसऱ्या देशाला बसते, हे उमगल्यावर दहा प्रमुख औद्योगिक देशांच्या गव्हर्नरांनी १९७४ च्या अखेरीस बँक पर्यवेक्षणाची समिती नेमली. तीच बासेल समिती. तिला कायद्याचा अधिकार नाही. ती मानके सुचवते, देशांनी ती आपापल्या कायद्याने लागू करायची. पण जो देश ती लागू करणार नाही, त्याच्या बँकांकडे बाकीचे जग संशयाने पाहते. परदेशी बँक त्यांच्याशी व्यवहार करताना जास्त पैसे आकारते. सक्ती नसलेल्या नियमाला बळ मिळते ते येथून.

जुलै १९८८ मध्ये समितीने पहिला करार मांडला. त्यातील मूळ कल्पना समजून घेणे अवघड नाही. ठेवीदारांचा पैसा हे बँकेचे देणे असते. भांडवल म्हणजे भागधारकांचा स्वतःचा पैसा. कर्ज बुडाले तर आधी हा पैसा जातो, तो संपला की मगच ठेवीदाराच्या पैशाला धक्का लागतो. म्हणून बँकेने दिलेल्या कर्जांच्या प्रमाणात किमान भांडवल राखले पाहिजे. ते प्रमाण आठ टक्के ठरले. मात्र सर्व कर्जे सारखी धोक्याची नसतात. तेव्हा प्रत्येक प्रकाराला जोखमीचा भार दिला गेला. सरकारी रोख्यांना शून्य, घर तारण असलेल्या कर्जाला पन्नास टक्के, उद्योगाच्या कर्जाला शंभर टक्के. उद्योगाला शंभर रुपये दिले तर आठ रुपये भांडवल हवे. गृहकर्जाला चारच पुरेत. सरकारला कर्ज दिले तर काहीच नको.

दिसायला निर्दोष अशा या तक्त्यात एक खोच होती. कोणत्या सरकारला शून्य भार द्यायचा? उत्तर असे ठरले की मुख्यतः श्रीमंत देशांच्या 'ओईसीडी' या संघटनेच्या सदस्यांना. तुर्कस्तान सदस्य असल्याने जोखीममुक्त ठरला. काटेकोर कारभाराचे सिंगापूर सदस्य नव्हते, म्हणून परीक्षेत नापास. मे १९९४ मध्ये मेक्सिको या संघटनेत आला आणि त्याच डिसेंबरात त्याचे चलन कोसळले. दक्षिण कोरिया १९९६ च्या अखेरीस आला आणि पुढच्याच वर्षी नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. परदेशी बँकांना वर्षाच्या आतील मुदतीने दिलेल्या कर्जाला केवळ वीस टक्के भार होता. त्यामुळे पूर्व आशियातील बँकांकडे अल्पमुदतीच्या पैशाचा ओघ लागला आणि १९९७ च्या संकटात तोच पैसा सर्वांत आधी पळाला. तक्ता करणाऱ्या मेजाभोवती यांपैकी एकाही आशियाई कर्जदार देशाचा प्रतिनिधी नव्हता.

नियम आधी, आसन नंतर

भारताने हे निकष स्वीकारले ते १९९१ च्या आर्थिक संकटानंतर. नरसिंहम समितीच्या शिफारशीनुसार १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण लागू केले. मार्च २००० पासून ते आठऐवजी नऊ टक्के केले, म्हणजे बासेलपेक्षा एक पाऊल पुढे. बासेल समितीचे सदस्यत्व मिळाले ते मार्च २००९ मध्ये. सतरा वर्षे भारतीय बँका अशा मेजावर ठरलेले नियम पाळत होत्या, जेथे भारताची खुर्चीच नव्हती.

हे नियम वाईट होते असे नव्हे. ताळेबंदात बुडीत कर्जे लपवण्याची सवय लागलेल्या सरकारी बँकांना त्यांनी आरसा दाखवला. परंतु नव्वदच्या दशकात त्यांचा एक दुष्परिणामही जाणवला. कर्ज दिले तर भांडवल अडकते आणि थकबाकीची चौकशी मागे लागते. सरकारी रोखे घेतले तर दोन्ही कटकटी नाहीत. बँकांनी कायद्याने आवश्यक होते त्याहून कितीतरी अधिक पैसा रोख्यांत गुंतवला. लघुउद्योजक मात्र शाखेच्या पायऱ्या झिजवत राहिला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर राकेश मोहन यांनी या वृत्तीला 'आळशी बँकिंग' असे नाव दिले होते. दोष सर्वस्वी बासेलचा नव्हता, पण शून्य भाराने आळसाला सोय करून दिली हे नाकारता येत नाही.

याउलट उदाहरणही आहे आणि ते मुंबईला भूषणावह आहे. २००४ च्या सुमारास घरांच्या किमती आणि ग्राहककर्जे झपाट्याने वाढू लागली. गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्या कारकिर्दीत रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००४ मध्ये गृहकर्जाचा जोखीमभार पन्नासवरून पंचाहत्तर टक्के आणि ग्राहककर्जाचा शंभरवरून सव्वाशे टक्के केला. व्यापारी बांधकामांच्या कर्जांचा भार पुढे दीडशे टक्क्यांपर्यंत नेला. बासेलच्या पुस्तकात असे काही सांगितलेले नव्हते. तेजीच्या काळात बँकांना भांडवल साठवायला लावणारी तरतूद बासेल समितीने केली ती डिसेंबर २०१० मध्ये, 'बासेल-तीन'मध्ये, म्हणजे अमेरिकेतील गृहकर्जांच्या फुग्याने जग हादरल्यानंतर.

बासेलमध्ये कोणी सावध केले नव्हते असेही नाही. बीआयएसचे अर्थतज्ज्ञ विल्यम व्हाइट आणि क्लॉडिओ बोरिओ यांनी २००३ मध्येच अमेरिकेतील जॅक्सन होल परिषदेत, महागाई आटोक्यात असतानाही कर्जांचा फुगा संकट आणू शकतो, असा इशारा दिला होता. दोन वर्षांनी त्याच परिषदेत रघुराम राजन यांनी अशीच चिंता व्यक्त केली आणि त्यांची टर उडवली गेली. राजन पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि २०१५ मध्ये बीआयएसच्या संचालक मंडळाचे उपाध्यक्षही. परिषदांत शहाणपण बोलले जाते. ते ऐकणारा त्या दिवशी सभागृहात असतोच असे नाही.

२००९ मधील विस्तारानंतर आज बासेल समितीत २८ कार्यक्षेत्रांतील ४५ संस्था आहेत. भारताला खुर्ची मिळाली. पण नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका या शेजाऱ्यांना ती नाही आणि तरीही भांडवलाचे निकष त्यांनाही स्वीकारावे लागले आहेत. १९९२ मध्ये भारत जेथे होता, तेथे आज ते आहेत. खुर्ची असलेल्यांपैकी बलाढ्य देश नियमांबाबत किती तत्पर असतात, हेही पाहण्यासारखे आहे. 'बासेल-तीन'चा अखेरचा भाग डिसेंबर २०१७ मध्ये निश्चित झाला. अमेरिकेत त्याचा मसुदा जुलै २०२३ मध्ये आला. बड्या बँकांनी त्याविरुद्ध आघाडी उघडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात मोठे फेरबदल जाहीर करावे लागले. ब्रिटनने अंमलबजावणी जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली.

सहकारी बँकांचा प्रश्न

महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीने याहून जवळचा विषय नागरी सहकारी बँकांचा आहे. बासेलचे निकष आंतरराष्ट्रीय व्यवहार करणाऱ्या मोठ्या बँकांसाठी आखलेले होते. गावातल्या पेठेत एक मुख्य कचेरी आणि चार शाखा असलेल्या सहकारी बँकेला ते जसेच्या तसे लावणे म्हणजे सायकलीला रेल्वेचे सिग्नल लावण्यासारखे. म्हणून या बँकांसाठी पहिल्या कराराचीच साधी पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांची चार स्तरांत विभागणी जाहीर केली. सर्वांत लहान स्तरासाठी नऊ टक्के, तर वरच्या तीन स्तरांसाठी बारा टक्के भांडवल पर्याप्तता. म्हणजे मध्यम आकाराच्या सहकारी बँकेवर व्यापारी बँकेच्या मूळ नऊ टक्क्यांहून अधिक बोजा.

याची कारणे आहेत. संकटसमयी सहकारी बँकेला शेअर बाजारातून भांडवल उभारता येत नाही. सभासदांनी भाग घेतले तरच ते वाढते. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सहा महिन्यांत प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. तोपर्यंतच्या ताळेबंदात त्या बँकेची भांडवल पर्याप्तता किमान अटीपेक्षा बरीच चांगली दिसत होती. एकाच उद्योगसमूहाला दिलेले प्रचंड कर्ज हिशेबातच दाखवलेले नव्हते. अपूर्णांकाचा छेदच खोटा असेल तर बासेलचे कोणतेही प्रमाण ठेवीदाराला वाचवू शकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, हाच काय तो ठेवीदाराला मिळालेला ठोस दिलासा.

ग्राहकाच्या खिशाचा हिशेब

जोखीमभाराची काठी आजही किती जोरात लागते, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसले. विनातारण वैयक्तिक कर्जे बेसुमार वाढत असल्याचे पाहून रिझर्व्ह बँकेने त्यांचा भार शंभरवरून सव्वाशे टक्के केला. गृह, शैक्षणिक, वाहन आणि सोनेतारण कर्जे यातून वगळली. एक लाखाच्या वैयक्तिक कर्जामागे नऊ टक्क्यांच्या हिशेबाने पूर्वी नऊ हजार रुपये भांडवल लागत असे, ते ११,२५० झाले. भांडवलावर भागधारकाला परतावा हवा असतो. साहजिकच तो भुर्दंड काही प्रमाणात कर्जदाराच्या व्याजदरात उतरतो किंवा बँक अर्जच नाकारते. ग्राहकाला शाखेत 'वरून नियम आला' एवढेच सांगितले जाते.

बासेलहून येणाऱ्या साऱ्याच गोष्टी बोजा वाढवणाऱ्या नसतात. ३० जून २०२४ रोजी तेथेच भारत, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांच्या मध्यवर्ती बँकांनी बीआयएससोबत 'नेक्सस' प्रकल्पाच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. प्रत्येक देशातील तत्काळ पैसे पाठवण्याची यंत्रणा, भारताच्या बाबतीत यूपीआय, एका सामाईक दुव्याला जोडण्याची ही योजना आहे. परदेशात नोकरी करणाऱ्याने घरी पाठवलेले पैसे दिवसांऐवजी मिनिटाभरात पोहोचावेत, असे तिचे उद्दिष्ट आहे. या मेजावर भारत नियम पाळणारा म्हणून नव्हे, तर स्वतःची तयार यंत्रणा घेऊन बसला, हा १९९२ च्या तुलनेत मोठाच फरक आहे.

उरलेला हिशेब भांडवलाचा. १ ऑक्टोबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या प्रस्तावानुसार 'बासेल-तीन'चे सुधारित भांडवली निकष वाणिज्य बँकांना १ एप्रिल २०२७ पासून लागू व्हावयाचे आहेत. कर्ज बुडण्याची वाट न पाहता संभाव्य तोट्यासाठी आधीच तरतूद करण्याची पद्धतही त्याच दिवसापासून सुरू करण्याचा विचार त्यात मांडला आहे. लघुउद्योगांच्या आणि घरांच्या काही कर्जांवरील जोखीमभार त्यात कमी होणार असल्याचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगितले होते. बासेलमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये निश्चित झालेला तक्ता नाशिकच्या लघुउद्योजकाच्या कर्जप्रकरणापर्यंत पोहोचण्यास या हिशेबाने सव्वानऊ वर्षे लागतात.